इंदुबाईची साडेचारची आंघोळ

काळुकाका परवा शनिवारी पेणहून रोह्याला आले, ते आमच्या वरच्या न्हाणीतला नळ बघायला. काका म्हणजे माझ्या सासऱ्यांचे थोरले भाऊ. पेणच्या बाजारात तीस वर्षं त्यांचं नळ-पाइपांचं दुकान होतं. आता दुकान मुलगा बघतो आणि काका नातेवाइकांचे नळ बघतात. आमच्याकडे थंड पाणी धो धो येतं आणि गरम पाणी असं, की बादली भरेपर्यंत अंगावरचा साबण वाळतो. तीन महिन्यांपूर्वी मी लग्न होऊन आले तेव्हापासून हे असंच. मी काही बोलले नव्हते. नव्या सुनेनं सासरच्या पाण्याला नावं ठेवू नयेत, एवढं मला कळतं.

काकांनी पिशवी खाली ठेवली, पाना काढला आणि नळाला हात लावायच्या आधी विचारलं, "या न्हाणीत आंघोळ कोण करतो?"

"वर राहणारे सगळेच," प्रणित म्हणाला. प्रणित म्हणजे माझा नवरा. "का? नळाला माणसं ओळखू येतात?"

"एकेकाचं नाव सांग."

प्रणितनं स्वतःचं सांगितलं, माझं सांगितलं, त्याची धाकटी बहीण किमया, तिचं सांगितलं. काकांनी प्रत्येक नावाला मान हलवली आणि मगच कामाला लागले. वीस मिनिटांचं काम निघालं. नळाच्या तोंडची जाळी क्षारांनी बुजली होती. मी व्हिनेगर आणून दिलं, त्यांनी जाळी त्यात बुडवून जुन्या टूथब्रशनं घासली आणि नळ सोडला, तर समोर उभी असलेली किमया निम्मी भिजली.

जेवणं झाल्यावर आम्ही ओटीवर बसलो. दिव्यावर पाकोळ्या यायला लागल्या म्हणून दिवा बंद केला. किमयानं विषय सोडला नव्हता. "काका, ते नावांचं काय होतं?"

काकांनी सुपारी कातरायला घेतली.

"घडलेलं हाय," ते म्हणाले. "माझ्यासमोर सगळं नाय घडलं. पण शेवट मी बघितलाय. ऐकायचं तर गप ऐका."

"म्हणजे भुताची गोष्ट," प्रणित म्हणाला.

"ते तुझं तू ठरव."

पुढचं मी माझ्या शब्दांत लिहिते आहे. काका मधे मधे जसे थांबत होते, ते मात्र मला लिहिता येणार नाही.

काकांच्या दुकानावर महिपती नावाचा एक प्लंबर बसायचा. चाळिशीचा, हात सोन्याचा, शब्द प्लंबरचा. म्हणजे 'आलोच' म्हणाला की आपण आठवडा धरायचा. रामवाडीतल्या निलेशचं नवं घर बांधलं तेव्हा नळाचं सगळं काम त्यानंच केलेलं. निलेश धरमतरच्या जेटीवर कामाला, बार्ज खाली करणाऱ्या एका कंपनीत. कायम पहिली शिफ्ट. घरात तो, त्याची बायको प्रतिक्षा आणि आई, इंदुबाई. गच्चीवर पाणी तापवायचं दीडशे लिटरचं सोलर.

इंदुबाईंनी चाळीस वर्षं मिठागरात काढलेली. उन्हं चढायच्या आत कामाला लागायचं, म्हणून पहाटे साडेचारला आंघोळ. मिठागर सुटलं, साडेचार सुटले नाहीत. पाय मात्र पार गेले होते. टाचांना भेगा, घोटे सुजलेले. नव्या घरात बाईंना त्यांची स्वतःची न्हाणी मिळाली आणि भिंतीतून गरम पाणी यायला लागलं, तशी त्या रोज स्टुलावर बसून नळाखाली पाय धरायच्या. अर्धा तास. कधी पाऊण तास. बाकी कसली हौस नाही. साडी नाही, देवदर्शन नाही. एवढंच.

सव्वापाचला निलेश आंघोळीला जायचा, तोवर टाकीत कोमट.

"मग सुनेनं काहीतरी केलं असणार," किमया म्हणाली.

अंधार होता, तरी सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं हे मला कळलं. मी उगाच पाण्याचा तांब्या उचलून या बाजूचा त्या बाजूला ठेवला.

"नाय गो," काका म्हणाले. "सुनेला ठावूकच नव्हतं. ती तर रात्री सासूचे पाय चोळायची. हे मुलाचं काम."

भाऊबीज होऊन आठवडा झाला असेल. निलेश दुकानावर आला. महिपती तिथंच होता. निलेशनं त्याला बाजूला घेतलं, पण दुकान ते केवढं, काकांना सगळं ऐकू येत होतं. म्हणाला, "आयेच्या न्हाणीत गरम पाण्याचा कॉक जरा दाबून ठेव. बंद नको करू. धार बारीक झाली की ती आपोआप लवकर उठंल."

महिपती म्हणाला, "तिला सांग ना सरळ. कमी पाणी घे म्हणावं."

"कसा सांगू रं? तिनं मिठात पाय कुजवले, तवा मी शिकलो. त्या पायांना पाणी नको घालू, असा तोंडावर सांगू?"

महिपतीला ते पटलं नव्हतं. त्यानं गल्ल्याकडं बघून विचारलं, "काळुशेट, करू?"

काकांनी सुपारी बाजूला ठेवली.

"मी म्हटलं, गिऱ्हाईक सांगतं ते करायचं. आणि वर म्हटलं, कॉकची मूठ काढून घे. नायतर म्हातारी कुणाला तरी माळ्यावर चढवील आणि उघडून घेईल."



"मूठ काढायचं मीच सुचवलं," काका परत म्हणाले. कुणी विचारलं नव्हतं.

त्याच दुपारी इंदुबाई शेजारी गेल्या असताना महिपतीनं न्हाणीवरच्या माळ्यात हात घातला, गरम पाण्याच्या पाइपावरचा कॉक पाऊण बंद केला, त्याची मूठ काढून पिशवीत टाकली.

चार दिवसांनी इंदुबाईंनी स्वतः त्याला रस्त्यात गाठलं. "महिपती, बाला, माजे नलाला जोर नाय रं. जरा बघतस?" नाही म्हणता येईना. गेला. नळ खोलला, जाळी काढली, खोटी खोटी घासली, परत बसवली. धार तेवढीच. म्हणाला, "मावशी, पाइपात मीठ बसलाय. आपल्याकडचं पाणीच तसलं. आता भिंत फोडल्याशिवाय काय होणार नाय."

बाई हसल्या. "चालीस वर्सां मीठ काढला. तो काय मना सोडतंय व्हय! नको रं भिंत फोडू. पोराचा नवा घर हाय."

आणि तो निघताना त्यांनी त्याच्या हातात कागदात बांधलेला सुका जवळा ठेवला.

"त्यानं तो खाल्ला," काका म्हणाले. "मला सांगितलं त्यानं. कांदा घालून केला. चांगला झाला होता, म्हणाला."

पुढचं साधं आहे. बारीक धारेखाली पाय शेकत नाहीत. बाई तक्रार करणाऱ्यातल्या नव्हत्या. पहाटे साडेचारला उठायच्या, अर्धी बादली थंड पाणी घ्यायच्या आणि उरकायच्या. घरात कुणाला पत्ता नाही. निलेशला गरम पाणी भरपूर मिळत होतं. डिसेंबरात बाईंना खोकला धरला, जानेवारीत छातीत उतरला, दवाखान्यात आठ दिवस होत्या. सोळा जानेवारीला गेल्या. "ब्याऐंशीची बाई," काका म्हणाले. "थंड पाण्यानं गेली असं कोण म्हणणार? डॉक्टर नाय म्हणाला. निलेश नाय म्हणाला. मी पण नाय म्हणालो. पण महिपती त्या दिवसापासून दुकानावर बसेनासा झाला. यायचा, सामान घ्यायचा, जायचा."

तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून निलेशच्या घरातला गरम पाण्याचा जोर गेला. एका नळाचा नाही, सगळ्या घराचा. निलेशनं फोन केला. महिपती म्हणाला, आलोच. दोन आठवडे आलाच नाही. शेवटी प्रतिक्षानं फोन केला, तेव्हा त्याला जावं लागलं.

दोन हजार चोवीस सालातली बारा फेब्रुवारी. सोमवार. "अमावस्या नव्हती, उगाच लावणार नाय," काका म्हणाले. दुसऱ्या दिवशी माघी गणपती, हमरापूरकडून मूर्ती भरलेले टेम्पो हायवेनं जात होते. महिपती रामवाडीत पोचला तेव्हा पावणेआठ वाजले होते.

त्यानं शिस्तीत सुरुवात केली. आधी स्वयंपाकघरातला नळ. थंड पाणी जोरात, गरम करंगळीएवढं. जाळी काढली, स्वच्छ. मोठ्या न्हाणीत तेच. मग तो गच्चीवर गेला, निलेश टॉर्च घेऊन मागे. टाकी भरलेली, पाणी चांगलं तापलेलं. हवेचा पाइप मोकळा. टाकीखालचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा. जोड खोलला तर पाणी अंगावर आलं, पोळण्याइतकं. म्हणजे वर सगळं ठीक. बिघाड खाली, घरात.

"सगळे नळ बंद करायला सांग," महिपती म्हणाला.

निलेशनं कठड्यावरून हाक मारली. प्रतिक्षानं खालून ओरडून सांगितलं, "केले!"

महिपतीनं लांब पेचकस काढला. टोक पाइपावर टेकवलं, दांडा कानाला लावला. जुनी रीत आहे. नळ बंद असले की पाइप गप्प असतो.

पाइप गप्प नव्हता.

पाणी जात होतं. भरपूर. खाली, घरात कुठंतरी, कुणीतरी नळ पूर्ण सोडला असावा इतकं.

"लिकेज?" निलेशनं विचारलं.

"लिकेज असतं तर भिंत भिजली असती. टाकी रिकामी झाली असती."

दोघं खाली आले. महिपतीनं भिंती चाचपल्या. कोरड्या. स्वयंपाकघर, पॅसेज, मोठी न्हाणी, सगळीकडे हात फिरवला. एका खोलीकडे मात्र तो जात नव्हता. तिचं दार तेराव्यानंतर लावून घेतलेलं होतं.

प्रतिक्षाच म्हणाली, "आईंच्या न्हाणीत बघा ना. त्यांच्या नळाला तर आधीपासूनच जोर नव्हता. तिथूनच सुरू झालं असेल."

निलेश खाली बघत होता.

महिपतीनं दार ढकललं.

खोलीत गादी गुंडाळून ठेवलेली. कोपऱ्यात काठी. पलीकडे न्हाणीचं दार, अर्धवट लोटलेलं. आणि त्याच्या फटीतून... वाफ.

आत पाणी पडत होतं.

"मी बंद केला होता," निलेश म्हणाला. "मी स्वतः..."

महिपतीनं दार उघडलं. न्हाणीतला दिवा बंद होता, टॉर्चच्या उजेडात सगळं पांढरं. नळ पूर्ण सुटलेला. ज्या नळाची धार त्यानं स्वतःच्या हातानं बारीक केली होती, त्यातून मनगटाएवढं पाणी येत होतं. गरम. फरशीवर आपटत होतं, ठो ठो ठो.

तो स्टूल ओढून चढला. माळ्यात हात घातला. कॉक सापडला. मूठ नसलेला, नुसता दांडा. पान्यात धरून बंद करायच्या बाजूला फिरवला.

फिरेना.

उलटा फिरवला. फिरला.

म्हणजे कॉक बंद होता. पाऊण नाही. पूर्ण.

बंद कॉकमधून पाणी येत होतं.

महिपती प्लंबर होता. त्याला पुढं काय करायचं ते एकच माहीत होतं. त्यानं कॉक उघडला. एक फेरा, दोन फेरे, पार शेवटपर्यंत. दांडा थांबला. पाण्यात काहीही फरक पडला नाही.

तो खाली उतरला. स्टूल होतं तिथंच राहिलं, नळाच्या समोर.

आणि मग पाण्याचा आवाज बदलला.

इथं काका थांबले. किमयानं माझा हात धरला, किंवा मी तिचा. आता नक्की आठवत नाही.

"पाणी फरशीवर पडतं तेव्हा एक आवाज येतो," काका म्हणाले. "आणि कुणाच्या तरी अंगावर पडून मग फरशीवर पडतं, तेव्हा वेगळा येतो. तुम्ही रोज ऐकता. लक्ष देत नाय, एवढंच."

ठो ठो बंद झालं होतं.

मऊ आवाज. थांबत थांबत. पाणी कशावर तरी पडत होतं, दोन्ही बाजूंनी ओघळत होतं. टॉर्चच्या उजेडात स्टूल दिसत होतं. रिकामं.

मग आवाज किंचित सरकला. एक पाय काढून दुसरा पुढं केल्यासारखा.

प्रतिक्षा दारात आली होती. तिला कुणी काही सांगितलं नाही. तिनं ऐकलं. ती रोज ते पाय चोळणारी. तिनं तोंडावर हात ठेवला.

महिपतीनं हात जोडले. "मावशी," तो म्हणाला. "मीठ नव्हता बसला. मी खोटं बोललो. मी कॉक दाबला होता."

पाणी पडत राहिलं.

"कसला कॉक?" प्रतिक्षा म्हणाली.

महिपतीनं जोडलेले हात खाली घेतले.

"अहो... कसला कॉक?"

तिनं निलेशकडं बघितलं. महिपतीनं बघितलं नाही, पण त्यालाही कळलं, की आता पुढचं वाक्य आपलं नव्हे.

निलेश भिंतीला धरून उभा. बाहेर हायवेवरून गणपतीचा टेम्पो गेला, ढोलकी वाजवत. लांब गेली. बंद झाली.

आत पाय शेकणं चालूच.

"आये..." निलेश म्हणाला.

पाण्याचा आवाज थांबला नाही. पण लक्ष देऊन ऐकल्यासारखा... झाला.

"आये, मी सांगितला त्याला. मना पानी पुरत नव्हता. तुला बोलायला... तोंड नाय झाला माजा."



मग आवाज परत फरशीचा झाला. ठो ठो. पाय मागे घेतले होते.

नळाची चावी फिरली. हळू. काटकसरीच्या बाईचा हात असतो तशी. धार बारीक झाली, थेंब झाली. मग चावी अजून एकदा पिळली गेली, शेवटचा थेंबही वाया जाऊ नये म्हणून.

आणि शांत.

कुणी ओरडलं नाही. कुणी पळालं नाही. महिपती बाहेर येऊन स्वयंपाकघरात गेला, नळ सोडला. गरम पाणी इतक्या जोरात आलं की हात भाजला. दुरुस्ती झाली होती. त्यानं सामान भरलं. मागं प्रतिक्षाचा आवाज येत होता. ती ओरडत नव्हती. एकच विचारत होती, पुन्हा पुन्हा, "आणि त्या थंड पाण्यानं करत होत्या? डिसेंबरात? आणि तुम्ही शेजारच्या न्हाणीत?"



महिपती तिथून सरळ काकांच्या घरी आला. आत आला नाही. पायरीवर उभं राहून सगळं सांगितलं, पिशवीतून ती मूठ काढली आणि काकांच्या हातावर ठेवली. "शेट, ही तुमची," म्हणाला.

"काय केलंत तुम्ही?" प्रणितनं विचारलं. आता तो हसत नव्हता.

"काय करणार. रात्रभर जागलो. तिच्याशी मी उभ्या जन्मात दोन वाक्यं बोललो असेन. आणि तिच्या पायाला पाणी किती, ते गल्ल्यावर बसून ठरवलं."

सकाळी सहाला काका आणि महिपती रामवाडीत गेले. काकांना निलेशची माफी मागायची होती, की त्याला दोन शब्द सुनवायचे होते, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. दार प्रतिक्षानं उघडलं. डोळे सुजलेले. तिनं नुसता हात आतल्या खोलीकडं केला.

निलेश शिफ्टला गेला नव्हता. आईच्या न्हाणीच्या उंबऱ्याबाहेर जमिनीवर बसला होता, पाठ भिंतीला लावून. न्हाणीचं दार लावलेलं. आत पाणी चालू होतं.

"पुन्हा?" महिपती घाबरून म्हणाला.

"नाय," निलेश म्हणाला. "आता मी सोडला. साडेचारला. पुरा सोडलाय." थोड्या वेळानं म्हणाला, "बसू दे तिला. पायजे तेवढा वेळ."

सांत्वन करायला गेलेला माणूस काहीतरी धरायला शोधतो, तसे काका घराला वळसा घालून परसात गेले. तीस वर्षांची खोड. पाणी कुठून येतं ते गिऱ्हाईक बघतं, जातं कुठं ते आपण बघायचं.

न्हाणीच्या मागे अळू लावलेलं होतं. सांडपाण्याचा पाइप भिंतीतून निघून अळवावर सोडलेला. दुसरी वाट नाही. महिपतीनंच घातलेला पाइप, त्यानं शपथेवर सांगितलं.

अळू वाळून पिवळं पडलेलं. माती कोरडी, भेगाळलेली.

काका खाली वाकले. भिंतीपलीकडे दीड तास नळ चालला होता. इथं उभं राहून ऐकू येत होता.

पाइपाच्या तोंडावर कोळ्याचं जाळं होतं. अख्खं. एक तंतू तुटलेला नाही. मधोमध कोळी बसलेला.